नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

आमच्या बडनेऱ्यात बायकांच्या दुपारच्या गप्पांत कुणी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार केली की दही, लिंबाचा रस, कडुलिंबाचं पाणी असे उपाय हमखास निघतात. वर म्हणतात, ‘‘बाई, घरचंच त आहे, त्यानं काय होते?’’

संशोधक नेमका हाच प्रश्न वर्षानुवर्षं तपासत आले आहेत. निरोध वापरायचा की नाही हे बहुधा नवरा ठरवतो आणि पुष्कळ जणींना एड्सचा विषाणू नवऱ्याकडूनच येतो. म्हणून बाईला स्वतःच्या हातानं आत लावता येईल अशी जेल हवी, हा त्यामागचा विचार.

त्यासाठी नैसर्गिक प्रथिनांवरही भिस्त आहे. न्यूझीलंडच्या समुद्रातल्या लाल शेवाळात ग्रिफिथसिन नावाचं प्रथिन सापडलं. २००५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते विषाणूच्या अंगावरच्या साखरेला चिकटून बसतं, मग विषाणूला आपल्या पेशीत शिरता येत नाही. पुढे ते तंबाखूच्या जातीच्या रोपातून काढलं गेलं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं नायसिन तपासलं, तेही मुख्यतः गर्भनिरोधक म्हणून. हे छोटं प्रथिन दुधातले जंतू बनवतात, चीज टिकवायलाही ते घालतात. पण पोटात चालतं म्हणून आत लावायलाही चालेल, असं त्यांनी धरलं नाही. आधी सशांवर पाहिलं. अपाय दिसला नाही, हे २००४ मध्ये छापून आलं.

एवढी खबरदारी कशाला? नॉनॉक्सिनॉल-९ या शुक्रजंतूनाशकानं काचेच्या नळीत एड्सचा विषाणूही मरायचा. आफ्रिका आणि थायलंडमधल्या बायकांवरच्या चाचणीचा निकाल २००० साली आला, तेव्हा ही जेल वारंवार वापरणाऱ्या बायकांत संसर्ग उलट जास्त निघाला! आतलं नाजूक अस्तर सोलवटत होतं. म्हणून आता आधी आग, सूज, जखम पाहतात. आतला आंबटपणा राखणारे चांगले जंतू शाबूत आहेत ना, तेही पाहतात. कडुलिंबाच्या अर्काची ‘प्रनीम’ गोळीसुद्धा पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं अशीच तपासली. लिंबाच्या तीव्र रसानं तर अस्तराला इजाच होते.

प्रथिनाची अशी जेल अजून बाजारात नाही. तोवर निरोधच खरा. आणि खाज, वास, आग असेल तर लिंबू स्वयंपाकघरातच राहू द्या. अमरावतीचं डफरीन काही लांब नाही. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नावही गुप्त ठेवतात.