काकांची चरबी आणि ग्रीकांचे पित्त

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे सोडून कोलाडकडे निघाले की वाटेत खांब लागते. तिथले आमचे एक काका शेतकरी, अंगाने काटकुळे. रक्ततपासणीनंतर डॉक्टरांनी त्यांना सोपे करून सांगितले, ‘कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणजे रक्तात चरबी आहे.’ काकांनी बाही वर केली. ‘चरबी? दाखवा तरी कुठे आहे ती!’ गोळ्यांची पुडी फळीवर गेली ती महिनाभर तिथेच.

दोष काकांचा नव्हे, भाषांतराचा. चरबी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मराठीत त्याला लठ्ठपणा चिकटला आणि माजही चिकटला. एखाद्याला चरबी चढली, असे आपण म्हणतोच. कोलेस्टेरॉल या शब्दात मात्र चरबी कुठेच नाही. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिओस’ म्हणजे घट्ट, भरीव. आकाशवाणीवरून बोलताना सांगायला हरकत नाही, की आपला ‘स्टिरिओ’ही याच घराण्यातला. ‘मेलँकोलिया’ या उदासीच्या शब्दातही तेच ‘खोले’ आहे, पण काळे. आपले पित्त खवळते, ग्रीकांचे काळवंडत असे.

पण घट्ट पित्त हे नाव पडले कसे? अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पूलतिये द ला साल यांना हा मेणचट पदार्थ पित्ताशयातल्या खड्यांत सापडला. १८१५च्या सुमारास शेव्रल यांनी त्याला ‘कोलेस्टेरीन’ म्हटले. १८५९ मध्ये बर्तेलो यांनी तो रसायनशास्त्रातल्या अल्कोहोलांच्या कुळातला असल्याचे दाखवले, म्हणून पुढे शेवटी ‘ऑल’ आले. दारूशी त्याचा संबंध नाही! जर्मन आणि रशियन भाषांत अजून जुनेच ‘कोलेस्टेरीन’ चालते.

पित्ताचे नाते केवळ नावापुरते नाही. पित्तरसातली आम्ले यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. पेशींच्या आवरणाला ते लागते, काही संप्रेरकांना लागते. बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते. म्हणूनच काटकुळ्या माणसाच्या रक्तातही ते वाढू शकते, कधी घराण्यातूनच येते, आणि धमन्यांच्या अस्तरात साचत राहते.

पुढच्या खेपेला मी काकांना विचारले, ‘शेजाऱ्यांच्या पित्ताशयातले खडे बाटलीत पाहिलेत ना? तशा खड्यांत बहुधा असतं, ते मेण हे.’

काका थोडा वेळ गप्प बसले. ‘मग चरबी कशाला म्हणता?’ असे पुटपुटत त्यांनी फळीवरची पुडी खाली काढली.