कुंडी रिकामी नसते!

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आम्ही ट्यूलिपचे चार कांदे विकत आणले. पाकिटावरचे चित्र पाहून मुलांनी हट्टच धरला होता. डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत ते लावले, न चुकता पाणी घातले. दोघांना जेमतेम पाने आली, उरलेले दोन मातीतच कुजले. ट्यूलिपच्या कांद्याला फूल धरण्यासाठी तीन-चार महिने कडक थंडी लागते, हे विक्रेत्याने सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या ट्यूलिप बागेत ती थंडी आपोआप मिळते. आपल्या ठाणे-कल्याणकडे ऐन पौषातही एका चादरीत भागते!

मग चैत्र-वैशाखात फुलणारे कंद आपल्याकडे नाहीतच का? आहेत, आणि तेही स्वस्तात. पाऊस ओसरला की ते कोरड्या मातीत झोपतात आणि उन्हे तापू लागली की जागे होतात.

पहिला अमॅरिलिस लिलीचा. मोठ्या कांद्याएवढा कंद, जाड दांड्यावर कर्ण्यासारखी लाल किंवा केशरी फुले. दुसरा मे फ्लॉवर, ज्याला कोणी फुटबॉल लिली म्हणतात. वर्षातून एकदाच लाल तंतूंचा गोल चेंडू येतो, आठवडाभर टिकतो. पण त्यासाठी शेजारपाजारची माणसे मुद्दाम बघायला येतात. या कंदाला सारखे उपटलेले चालत नाही, एकदा लावला की दोन-तीन वर्षे हलवू नये.

आमचा सर्वात लाडका मात्र भुईचाफा. हा हळदीच्या कुळातला, त्याचे गड्डे लावायचे. उन्हाळ्यात पान नाही, दांडा नाही, आणि एके सकाळी मातीतूनच जांभळट-पांढरे सुवासिक फूल वर आलेले दिसते. एक फूल दिवसभरच टिकते, पण मागून दुसरे येत राहते. पाने नंतर पावसात येतात आणि थंडीत वाळून नाहीशी होतात. इथेच आमच्या हातून घोटाळा झाला. डिसेंबरात डबा रिकामा दिसला म्हणून आम्ही त्यातली माती गड्ड्यांसकट टाकून दिली आणि त्यात कोथिंबीर पेरली! तेव्हापासून झोपलेल्या कंदाच्या कुंडीत एक काडी खोचून ठेवतो. घरात सर्वांना ताकीद आहे, काडी असेल त्या कुंडीला हात लावायचा नाही.

कंद घेताना हातात घेऊन दाबून पाहावा. घट्ट आणि जड असावा, बुडाशी मऊ किंवा बुरशी लागलेला नको. मोठा कंद त्याच वर्षी फुलण्याची शक्यता जास्त, त्याची पिल्ले लावली तर दोन-तीन वर्षे धीर धरावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावावेत. लाल माती, वाळू आणि जुने शेणखत मिसळून घ्यावे. तेलाचा जुना डबाही चालतो, मात्र बुडाला भोके हवीतच. अमॅरिलिसची मान मातीच्या वर ठेवावी, भुईचाफ्याचे गड्डे दोन इंच खाली. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने. अतिपाण्याने जितके कंद मरतात तितके दुर्लक्षाने मरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. फुले सरल्यावर पाने कापू नयेत, पुढच्या वर्षीचे फूल त्या पानांच्या जोरावरच येते. नोव्हेंबरपासून मात्र पाणी तोडत जावे.

अमॅरिलिस आणि मे फ्लॉवरचे कंद विषारी असतात. अमॅरिलिसचा कंद तर हुबेहूब कांद्यासारखा दिसतो. तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या टोपलीजवळ ठेवू नयेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

आणखी एक. येऊरला फिरायला गेल्यावर जंगलातले कंद उकरून आणण्याचा मोह काहींना होतो. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथले काही उपटणे गुन्हा आहे. त्यापेक्षा ज्यांच्या घरी जुनी कुंडी आहे त्यांच्याकडे पिल्लू मागावे. आमच्याकडचा भुईचाफा दुसऱ्यांदा तसाच आला, कल्याणच्या आमच्या मावशींकडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत खोचायला एक काडीही!