यकृत भरून येतं तेव्हा

महाराष्ट्रातल्या चार विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रांपैकी एक छत्रपती संभाजीनगरात आहे. पण अशा केंद्रांकडे येणाऱ्या मेंदूमृत दात्यांची संख्या गरजेच्या मानाने फारच कमी, म्हणून अनेकदा घरातलंच माणूस आपल्या यकृताचा तुकडा देतं. प्रौढ रुग्णासाठी उजवा भाग काढतात, म्हणजे जवळपास ६० टक्के. मग घरादाराला एकच घोर: उरलेल्यावर दात्याचं भागणार कसं?

भागतं. कापलेला भाग पुन्हा फुटत नाही. उरलेला भागच वाढतो आणि दोन-तीन महिन्यांत बरीचशी तूट भरून काढतो.

सुरुवात होते कुप्फर पेशींपासून. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना चिकटून राहणाऱ्या या रोगप्रतिकारक पेशी आतड्यांकडून रक्तावाटे येणारे जंतूंचे अंश रोज टिपत असतात. शस्त्रक्रियेनंतर आतड्यांकडचं तेच रक्त लहानशा यकृतातून वाहू लागतं, त्यामुळे प्रत्येक पेशीवरचा भार वाढतो. कुप्फर पेशी चेततात, टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ सोडतात. एरवी ही दाहाची रसायनं. इथे ती निवांत यकृतपेशींना विभाजनासाठी तयार करतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात इंटरल्युकिन-६ नसलेल्या उंदरांचं यकृत नीट वाढेना. इंटरल्युकिन-६ बाहेरून दिल्यावर वाढू लागलं.

मला याहून विलक्षण वाटतं ते थांबणं. इंटरल्युकिन-६ मुळेच यकृतपेशीत सॉक्स-३ हे प्रथिन तयार होतं आणि ते त्याच संदेशाला आवर घालतं. मृत पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी पुढे स्वभाव बदलतात, दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० सोडतात. शेवटी टीजीएफ-बीटा हे प्रथिन यकृतपेशींचं विभाजन थांबवतं. पण दारूने किंवा हिपॅटायटिस बी-सीने दाह वर्षानुवर्षं धुमसत राहिला, तर हेच टीजीएफ-बीटा यकृतातल्या तारकापेशींकडून चिवट तंतू विणून घेतं. तोच सिऱ्हॉसिस.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या सल्ल्याची मला धास्ती वाटते. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरदरम्यान मुंबईत प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. काहींत शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. वनस्पती गुळवेलच होती का, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो वाद काहीही असो, यकृताचा आजार असलेल्यांनी आणि यकृतदात्यांनी कोणताही काढा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.