अहो बाबा, ए बाबा

मराठी घरात आईला हाक मारायची ती ‘ए आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’. दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत हा फरक कुणाला शिकवावा लागत नसे. मूल तो बोलायला लागतानाच उचलत असे. आईच्या ‘ए’मध्ये जवळीक होती. वडिलांच्या ‘अहो’त आदर होता, आणि त्या आदराबरोबर हातभर अंतरही आपोआप येत असे. आज शहरातल्या बहुतेक घरांत ‘ए बाबा’ ऐकू येते आणि त्यात कुणाला उर्मटपणा वाटत नाही. व्याकरणाच्या दृष्टीने बदल एका शब्दाचा आहे. तो घडायला घराची सगळी रचना बदलावी लागली.

वडिलांना काय म्हणायचे हे तरी मुलाच्या हाती कुठे होते? एकत्र कुटुंबात धाकटी भावंडे ज्याला दादा म्हणत, त्याची स्वतःची मुलेही त्याला दादाच म्हणू लागत. भाऊ, अण्णा, नाना, तात्या, आप्पा ही सारी बापाची नावे अशीच घरातल्या इतरांकडून आली. चुलतभावंडांचे ऐकून सख्ख्या बापाला जन्मभर ‘काका’ म्हणणारी माणसेही सापडतात. बायकोची गोष्ट आणखी अवघड. नवऱ्याचे नाव तोंडातून निघता कामा नये, म्हणून ‘अहो’, ‘इकडून’, ‘हे’, ‘बाळूचे बाबा’, खेड्यात ‘धनी’ किंवा ‘कारभारी’ अशी आडवाटेची संबोधने रूढ झाली. नाव घ्यायची मुभा होती ती फक्त उखाण्यात, तीही चारचौघींनी दार अडवल्यावर.

या चालीरीतींकडे पुरुषी तोऱ्याची खूण म्हणूनच पाहिले जाते. ते खरे आहे, पण पुरते नाही. त्याच चालींनी पुरुषालाही त्याच्या मुलांपासून लांब ठेवले. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःचे मूल कडेवर घेणे, त्याचे लाड करणे हे निर्लज्जपणाचे मानले जाई. भावाच्या मुलाला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा माणूस स्वतःच्या मुलाकडे आजोबांदेखत वळूनही पाहत नसे. त्यातून पहिले बाळंतपण माहेरी. बाप बाळाला पहिल्यांदा पाहायचा तो सासुरवाडीचा पाहुणा म्हणून, बहुधा बारशाला. पुढे बाळंतीण सासरी येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जात. नवजात बाळाची मान कशी धरायची, ते का रडते, ढेकर कसा काढायचा, हे बाईला शिकवले जाई त्याच काळात बाप तिथे नसे.

विधींमध्येही त्याला फारसे काम नाही. नाव ठेवते आत्या. उष्टावणाला पहिला घास भरवतो मामा, जावळ काढताना आणि कान टोचताना मांडी मामाची. बाप पुढे येतो तो उशिरा, जिथे मुंज होते त्या घरांत मुलाच्या कानात गायत्री मंत्र सांगायला आणि नंतर मुलीचे कन्यादान करायला. म्हणजे परंपरेने त्याला गुरू केले आणि दाता केले. पाळणा मात्र त्याच्या हाती दिला नाही.

तरी पुरुषाची माया वाट काढत होतीच, बहुधा रात्री, आणि ती बायकोकडेही वळे. महादेव गोविंद रानडे यांचे दुसरे लग्न १८७३ मध्ये झाले तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि रमाबाई ११ वर्षांच्या. हे लग्न वडिलांच्या हट्टाखातर झाले आणि सुधारक म्हणवणाऱ्या रानड्यांवर त्याबद्दल टीका झाली, ती अनाठायी नव्हती. पण त्यांनी रमाबाईंना स्वतः अक्षरे शिकवायला घेतली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणे मान्य नव्हते. त्यांच्याशी उघड भांडण न काढता शिकवणे चालू ठेवायचे, हा रानड्यांचा मार्ग होता. त्याचा जाच रमाबाईंनी सोसला. पुढे १९१० मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ लिहिल्या. नवऱ्याविषयीची कृतज्ञता मराठी बाईने इतक्या सविस्तर छापून सांगण्याचे हे फार जुने उदाहरण आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला आणि त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. स्त्रीशिक्षणाच्या कामाला तर सारे आयुष्य दिले. पण त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ वाचले की त्या त्यागाची घरातली बाजू दिसते. मिळकत संस्थेकडे वळे आणि संसाराची तोंडमिळवणी बायांना करावी लागे. जगासाठी झिजणारा माणूस घरासाठी उरतोच असे नाही, हे त्या कसलाही आव न आणता सांगून जातात.

कामकरी घरांतला बाप लांब राहिला तो पोटासाठी. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेला पुरुष चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहायचा. पाळीनुसार झोपायचा आणि खानावळीत जेवायचा. बायको-मुले गावी. शिमग्याला आणि गणपतीला तो घरी जाई, एरवी त्याच्या वतीने पोस्टमन जाई. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली मजकुरासाठी थोडी जागा असे. तेवढ्या ओळींत औषध, शाळेची फी, बैलाची चौकशी आणि ‘मुलांना सांभाळणे’ एवढे सगळे बसवले जाई. वर्षातले दोन-तीन आठवडे दिसणारा हा बाप मुलांच्या आठवणीत उरतो तो ट्रंकेच्या वासाने आणि मुंबईहून आणलेल्या खाऊने. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांची ही घडी मोडली. अनेकांच्या घरी कमावता बाप पहिल्यांदाच महिनोन्‌महिने दिसू लागला, तोही हातात काम नसलेला. गोव्यातून बोटीवर नोकरीला जाणाऱ्या पुरुषांच्या घरांचीही तऱ्हा अशीच होती. मुंबईत गावागावांच्या नावाने चालणारे ‘कूड’ हे त्या खलाशी बापांचे मधले मुक्काम होते.

‘बाप’ या शब्दाचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. पांढरपेशा बोलीत तो रांगडा, जवळपास शिवीच्या वाटेवरचा, म्हणून सभ्य माणूस ‘वडील’ म्हणणार. नरेंद्र जाधव यांनी १९९३ मध्ये ‘आमचा बाप आन् आम्ही’ या नावाने पुस्तक आणले आणि तोच शब्द मानाने मुखपृष्ठावर बसवला. त्यांचे वडील दामोदर मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करत. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहून काढल्या, त्या या पुस्तकाच्या मुळाशी आहेत. आईच्या थोरवीवर मराठीत बरेच लिहिले गेले होते. दामोदर यांच्यासारख्या, जातीचा अपमान पचवून मुलांना शिकवणाऱ्या बापाला त्या मानाने जागा कमी मिळाली होती.

आजच्या घरातला बाप पाळण्याजवळ आला आहे. चौकोनी कुटुंब झाले, सासू-नणंदा दुसऱ्या गावी, दोघेही नोकरीला, मग रात्री दोन वाजता दूध पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन फिरायचे कुणी? बाबाने. सकाळचा डबा भरणे, मुलीची वेणी घालणे, लस टोचायला नेणे, पालकसभेला जाणे ही कामे करणारे पुरुष आता कोणत्याही सोसायटीत दिसतात. ही माया उपजत असते की सवयीने येते, याचा धागा शरीरातही सापडतो. फिलिपीन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांच्या पाहणीत, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, बाप झाल्यावर पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन घटल्याचे आढळले. रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलांचे करणाऱ्यांत ते, मुलांच्या कामात नसलेल्या बापांपेक्षा कमी होते. मूल हाताळण्याचा आणि बापाच्या शरीराचा काहीतरी मेळ आहे, एवढे यावरून म्हणता येते.

कौतुक करताना हिशेब मात्र पाहावा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या, पुरुष २६.१ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषाचा ९७. म्हणजे चारांतले जवळपास तीन पुरुष पाहणीच्या दिवशी घरकामाला शिवलेच नाहीत. ‘आमचे हे घरात खूप मदत करतात’ या वाक्यातला ‘मदत’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते.

कायद्याची चालही तशीच मंद आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा मिळते १५ दिवस, तीही हयात मुले दोनपेक्षा कमी असतील तरच. खासगी नोकरीतल्या बापाला रजा द्यावी असा देशभर लागू होणारा कायदा नाही, मालकाची मर्जी तेवढी चालते. एकट्याने मूल वाढवणाऱ्या केंद्रीय कर्मचारी पुरुषांना २०१८ पासून एकूण ७३० दिवसांपर्यंतची बालसंगोपन रजा मिळू लागली, ही त्यातल्या त्यात मोठी उडी. महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आला. मधल्या नावाची जागा पिढ्यान्‌पिढ्या बापाची होती. आता तिथे तो एक घर मागे सरकून आईशेजारी आहे.

राहिला प्रश्न बापाचे कोडकौतुक कधी करायचे याचा. जूनचा तिसरा रविवार अमेरिकेतून आला. तिथे स्पोकेन शहरात १९१० मध्ये पितृदिन पाळला गेला आणि आता तो आपल्याकडे केकच्या दुकानांत पाळला जातो. मराठी घराकडे त्यासाठी दिवाळीचा पाडवा पूर्वीपासून आहे. त्या दिवशी नवऱ्याला तेल-उटणे लावून न्हाऊ घालतात, पाट मांडून, भोवती रांगोळी काढून बायको त्याला ओवाळते. मुलीही वडिलांना ओवाळतात. गंमत अशी की त्याच्या या मानाच्या दिवशीही तबकात ओवाळणी टाकायला हात त्याच्याच खिशात जातो. काही घरांत आता ओवाळून झाल्यावर पाटाची अदलाबदल होते. बायको पाटावर बसते, आणि ज्याला निरांजन हातात धरायची सवय नाही असा माणूस जरा अवघडून, ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरत तिला ओवाळतो.