'रेबेका'च्या आधीची 'जमैका इन'

डाफ्ने द्यू मोरिएची 'रेबेका' पुष्कळांनी वाचलेली असते, पण तिचीच १९३६ सालची 'जमैका इन' ही कादंबरी उगाच मागे पडते. नाव जमैकाचं असलं तरी गोष्ट कॉर्नवॉलमधली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आई गेल्यावर मेरी येलन बॉडमिनच्या ओसाड माळावरच्या 'जमैका इन' या सरायीत मावशीकडे राहायला येते. मावशी भेदरलेली, तिचा नवरा जॉस दारुडा आणि दांडगा. एका खोलीला कायम कुलूप, रात्री-अपरात्री येणाऱ्या गाड्या, आणि एकदा तुळईला लोंबणारा दोर! मामला साध्या चोरट्या मालाचा नाही, हे हळूहळू उलगडतं.

प्रेमकथाही गुळगुळीत नाही. नायक जेम हा त्याच जॉसचा धाकटा भाऊ आणि घोडेचोर. पठ्ठ्या चोरलेलं तट्टू भर जत्रेत मूळ मालकाच्या बायकोलाच विकतो. (हा प्रसंग माझा सगळ्यात लाडका.)

ही सराय खरीच आहे, १७५० सालची, आजही चालू. त्याच माळावर घोड्यावरून फिरताना लेखिका वाट चुकली होती. हिचकॉकचा १९३९चा सिनेमा मात्र आधी बघू नका. त्यात खलनायकच बदललाय, आणि लेखिकेलाही तो आवडला नव्हता.