ताप एक, गोळ्या तीन प्रकारच्या!

ओव्हरडोस म्हटलं की आपल्याला शहरातली नशा आठवते. पण ओव्हरडोस म्हणजे कुठल्याही औषधाचा प्रमाणाबाहेर डोस. तो आपल्या डब्यातल्या तापाच्या गोळीचाही होतो.

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत सगळ्याजणी घरातल्या गोळ्या घेऊन आल्या. एका ताईला काढणीच्या दिवसांत ताप आला होता. काम थांबवता येईना, म्हणून तिने एकाच दिवसात तापाच्या चार, सर्दीच्या तीन आणि अंगदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या. नावं वेगळी, रंग वेगळे. पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत पॅरासिटामॉल! मग बचतीसारखाच हिशोब मांडला:

तापाची 650 × 4 = 2600
सर्दीची 500 × 3 = 1500
अंगदुखीची 325 × 2 = 650
एकूण 4750 मिलिग्रॅम.

धडधाकट मोठ्या माणसाला 24 तासांत 4000 मिलिग्रॅमच्या वर नको. वजन कमी असेल, रोजची दारू असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर त्याहूनही कमी. ताई सुदैवाने बरी आहे, पण दरवेळी असं होईलच असं नाही.

जास्तीचं पॅरासिटामॉल लिव्हर खराब करतं. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तेही नाही. कावीळ, पोटात उजवीकडे दुखणं हे दोन-तीन दिवसांनी दिसतं. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो. म्हणून "बरं वाटतंय, उद्या बघू" असं करू नका. 108 ला फोन करा, रिकामं पाकीट सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उशीर झाला असला तरी दवाखान्यात जाच.

घरी एवढं पाळा:
• दोन गोळ्या एकत्र घेण्याआधी पाकीट वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून, आशाताईकडून वाचून घ्या.
• दोन डोसमध्ये निदान चार ते सहा तास जाऊ द्या.
• लेकराचं औषध वजनावर ठरतं. घरच्या चमच्याने नको, बाटलीसोबतच्या मापानेच द्या.
• गोळ्या उंचावर, कुलपात ठेवा.

कुणी रागात, दुःखात मुद्दाम गोळ्या घेतल्या तर लाजेपायी लपवू नका, आधी दवाखाना गाठा. मन फार जड झालं असेल तर 14416 वर मोफत बोलता येतं.

पुढच्या बैठकीला पासबुकासोबत गोळ्यांचा डबाही आणा. हिशोब मिळून करू.