सात तारीख

पहाटे साडेपाच. चहाला आधण ठेवलं की फोन वाजतो. "काका, उठलो." झोप लागली का, काही खाल्लंस का, एवढं विचारून मी ठेवतो. या वेळी उपदेश कुणाच्याच पचनी पडत नाही.

सात. भोसरीला जाणारी कंपनीची बस. दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेत माझ्यासारख्याला स्पॉन्सर म्हणतात. स्वतः पिऊन सुटलेला, बारा पायऱ्यांतून गेलेला आणि नव्याला त्यातून नेणारा. मानधन नाही. संघटनेची सुरुवातच अशी झाली: 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हॉटेलात एकटाच होता, धंद्यात आपटलेला, शेजारी बार. तल्लफ आली तेव्हा त्याने फोनवर फोन करून दुसरा दारुडा शोधायला घेतला. त्यातून डॉ. बॉब स्मिथ भेटले. बिलला स्वतः वाचायचं होतं म्हणून त्यांच्याशी बोलायचं होतं. घरच्यांना हेच पटत नाही. त्यांना वाटतं मी सकाळी फोन करणाऱ्या त्या पोरावर उपकार करतोय.

दुपारी फोन नाही.

साडेपाच. आज सात तारीख, पगार जमा. "काका, मित्र बोलावतायत. मी नुसतं थम्सअप घेईन."

"कुठे उभा आहेस?"

"बारसमोर."

"चालायला लाग. चालता चालता बोल."

पैसे तुमच्याकडे ठेवू का, म्हणाला. नाही म्हटलं, बायकोच्या खात्यावर टाक, मी लाइनवर आहे. स्पॉन्सरने पैसे सांभाळू नयेत, उसने देऊ नयेत, गोळ्या तर मुळीच सुचवू नयेत. हा गडी सुरुवातीला घरीच एकदम दारू तोडायला निघाला होता. रोज पिणाऱ्याला त्याने फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरकडे नेलं, पायऱ्या नंतर.

साडेसात. शाळेच्या वर्गात मीटिंग, गुडघे बाकात अडकवून बसलेले बाप्ये. तो आला. शेअरिंगमध्ये सगळं बोलला, थम्सअपसकट.

नवे लोक बहुधा फर्डं बोलणाऱ्याला आपला स्पॉन्सर करतात. माझं मत उलटं आहे. संध्याकाळी फोन उचलणारा आणि थम्सअपच्या गोष्टीला न भुलणारा बघावा. बायकांनी बाई, पुरुषांनी पुरुष निवडावा हा रिवाजही शहाणपणाचा.

रात्री दहा. मी माझ्या स्पॉन्सरला फोन लावतो. आजचं सगळं सांगतो, पोराची चीड आली होती तेही.

तुम्ही कुणाला आपला स्पॉन्सर करायच्या विचारात असाल तर आधी विचारा, "तुमचा स्पॉन्सर कोण?" उत्तर आलं नाही तर दुसरा शोधा.